उद्योजकतेचा ओनामा

शेती उत्तम, व्यापार मध्यम आणि नोकरी कनिष्ठ, असे सांगणारी म्हण महाराष्ट्रात जुनी आहे. शब्दांच्या थोड्याफार फरकाने ती उत्तर भारतातही ऐकू येते. म्हण टिकून राहिली, परंतु तिच्यातील क्रम समाजाने केव्हाच उलटा केला. मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की घरातील वडीलधाऱ्यांची दृष्टी प्रथम नोकरीकडे वळते. नोकरी लाभली नाही तर व्यापार, आणि तोही साधला नाही तर शेती, असा आजचा व्यवहार आहे.

चंदीगड शहरात हा उलटलेला क्रम विशेष स्पष्टपणे दृष्टीस पडतो. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले, आणि पूर्व पंजाबला नव्या राजधानीची निकड भासली. त्या निकडीतून १९५२ साली या शहराची पायाभरणी झाली. ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाने आखलेल्या या नगरात सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय यांना शिरोभागी स्थान मिळाले. १९६६ पासून हे शहर पंजाब व हरियाणा या दोन राज्यांची राजधानी आणि शिवाय स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश आहे. एका शहरात तीन शासनांची कार्यालये असल्यावर तेथील तरुणांच्या डोळ्यांपुढे सरकारी नोकरीचे चित्र सदैव उभे राहावे, यात नवल नाही.

याच शहराच्या सेक्टर १४ मध्ये पंजाब विद्यापीठ आहे. वनस्पतिशास्त्र, इतिहास, पदार्थविज्ञान, मानसशास्त्र, भाषा अशा नाना विषयांचे विद्यार्थी तेथे शिकतात. या साऱ्यांना पुरतील इतक्या सरकारी जागा किंवा प्राध्यापकपदे निर्माण होणे शक्य नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच वाणिज्य किंवा व्यवस्थापन हा ज्यांचा विषय नव्हे अशा विद्यार्थ्यांनाही उद्योजकतेची मूलतत्त्वे शिकवावीत, हा विचार येथे आणि देशातील इतर विद्यापीठांतही रुजू लागला आहे. परंतु ही मूलतत्त्वे म्हणजे नेमके काय, ती शिकविता येतात काय, आणि शिकविली तर कोणत्या हेतूने, या प्रश्नांचा उलगडा झाल्यावाचून त्या विचारास अर्थ येत नाही.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. उद्योजक म्हणजे श्रीमंत मनुष्य नव्हे आणि कारखानदारही नव्हे. अठराव्या शतकात रिशार कँतियाँ या अर्थशास्त्रज्ञाने उद्योजकाचे जे वर्णन केले ते अद्याप उपयोगी आहे. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७५५ साली प्रसिद्ध झाला. जो ठरलेल्या किमतीस वस्तू विकत घेतो आणि न ठरलेल्या किमतीस विकतो, तो उद्योजक, असा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ होय. खर्च आज निश्चित होतो. मिळकत उद्यावर आणि दुसऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. मधली अनिश्चितता जो आपल्या शिरावर घेतो तो उद्योजक. या व्याख्येप्रमाणे पेरणी करणारा शेतकरी उद्योजक ठरतो, आणि नाटक कंपनी काढणारा नटही उद्योजकच ठरतो. मनुष्याचा विषय कोणता, याचा या व्याख्येशी काहीच संबंध नाही.

मग ही विद्या आजवर शिकविली कोणी? तिचे खरे विद्यालय म्हणजे घर. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या अनेक कुटुंबांनी क्रीडासाहित्याचा धंदा जालंदरात नव्याने उभारला. त्यांची घरे व दुकाने मागे राहिली होती, परंतु धंद्याचे ज्ञान त्यांच्याबरोबर आले होते. अशा घरातील मूल दहाव्या वर्षीच दुकानाच्या फळीवर बसते. कोणते गिऱ्हाईक नुसते पाहून जाणार, कोणाला उधार द्यावे, गल्ल्यातील पैसा सगळाच आपला कसा नसतो, हे त्यास कोणी न शिकविता समजते. कारकुनाच्या, शिक्षकाच्या किंवा शेतमजुराच्या मुलास हा लाभ होत नाही. तो पदवी परीक्षेत पहिला आला तरी नफा आणि रोकड यांतील भेद त्यास ठाऊक असेलच असे नाही. ज्यांच्या घरी दुकान नाही त्यांना दुकानातील शहाणपण विद्यापीठाने द्यावे, हा या शिक्षणामागील सर्वांत सबळ हेतू होय. विद्यार्थ्यांना व्यापारी बनविण्यापेक्षाही त्यात न्यायाचा भाग अधिक आहे.

ज्ञानोपासक मनुष्याने व्यवहारात उतरावे ही कल्पना पंजाबला नवी नाही. आजचे पंजाब विद्यापीठ ज्या मूळ विद्यापीठाचा वारसा सांगते, ते १८८२ साली लाहोरला स्थापन झाले. त्या काळी लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात रुचिराम साहनी हे रसायनशास्त्र शिकवीत. विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांचे ते वडील. १८८५ साली स्थापन झालेल्या पंजाब सायन्स इन्स्टिट्यूटतर्फे ते सामान्य लोकांपुढे पंजाबी भाषेत विज्ञानाची सप्रयोग व्याख्याने देत, आणि बाजारातील दुकानदारही ती ऐकावयास येत. शाळा-कॉलेजांतील प्रयोगाची उपकरणे परदेशांतून येत, ती महाग असत आणि बिघडली तर दुरुस्तीची जवळपास सोय नसे. ही अडचण साहनींनी हेरली. १८८८ च्या सुमारास त्यांनी आपल्या घरीच एक कर्मशाळा काढली आणि रेल्वेच्या कारखान्यातील एका कुशल कारागिरास हाताशी धरले. तेथे तयार झालेली उपकरणे शाळा-कॉलेजांनी विकत घेतली. साहनी काही व्यापारी घराण्याचे धंदेवाईक शिक्षण घेऊन आले नव्हते. आपल्या विषयातील एक उणीव त्यांनी ओळखली, ती भरून काढणारा माणूस शोधला, आणि वस्तू परवडेल अशा किमतीस देऊ केली. उद्योजकतेच्या पाठ्यपुस्तकात याहून अधिक मूलभूत असे काही नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकावयास गेले. परंतु रंगांधत्वामुळे तो मार्ग त्यांना सोडावा लागला. पुढे यांत्रिक रेखांकन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बेळगावातील सायकलच्या धंद्यापासून आरंभ करून त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार केले, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत त्या वेळी शेतकऱ्यांत होती. पहिले नांगर खपावयास जवळजवळ दोन वर्षे लागली, असे सांगतात. नांगर उत्तम होता, तरी केवळ उत्तम असल्याने तो खपला नाही. शेतकऱ्याच्या मनातील शंका हीदेखील यंत्राच्या रचनेइतकीच अभ्यासाची वस्तू आहे, हे लक्ष्मणरावांना अनुभवाने शिकावे लागले. आजच्या अभियांत्रिकीच्या वा विज्ञानाच्या विद्यार्थ्यास हे दोन वर्षे न गमावता वर्गात सांगता आले, तर त्या वर्गाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. उद्योजक हा जन्मावा लागतो, तो शिकवून घडत नाही, असे पुष्कळांचे मत असते. या मताची परीक्षा भारतातच झालेली आहे. डेव्हिड मॅक्लेलँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६४ च्या सुमारास हैदराबाद येथील लघुउद्योगविषयक संस्थेच्या साहाय्याने आंध्रातील काकिनाडा गावी लहान व्यावसायिकांसाठी अल्प मुदतीचे वर्ग घेतले. या संशोधकाचा एक खेळ प्रसिद्ध आहे. खुंटीवर कड्या फेकावयाच्या. किती अंतरावरून फेकावयाच्या हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. काही जण खुंटीजवळ उभे राहतात, काही जण फार दुरून नशिबावर हवाला ठेवून फेकतात. कर्तबगारीची ओढ असणारा मनुष्य मध्यम अंतर निवडतो. म्हणजे यश अशक्य नसावे, परंतु ते कौशल्यावाचून मिळूही नये. वर्ग संपल्यानंतर काही काळाने पाहणी केली, तेव्हा शिक्षण घेतलेले व्यावसायिक इतरांपेक्षा अधिक उपक्रमशील झालेले आढळले. या प्रयोगाचा वृत्तान्त १९६९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे गुजरातेत अशा प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले. १९८२ साली केंद्र शासनाने विज्ञान व तंत्रज्ञानाच्या पदवीधरांतून उद्योजक घडविण्यासाठी एक स्वतंत्र मंडळ नेमले. १९८३ मध्ये अहमदाबादची आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रातील औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, उद्योजकता विकास संस्था निघाली. तात्पर्य, धाडस शिकविता येत नसेल. परंतु धाडस आणि जुगार यांतील अंतर शिकविता येते.

आता प्रत्यक्ष काय शिकवावे, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. चंदीगडात घरोघरी बागेची हौस आहे. समजा, वनस्पतिशास्त्राच्या एका पदवीधर विद्यार्थिनीने कुंड्यांतील शोभेची रोपे वाढवून विकण्याचे ठरविले. जागेचे भाडे, पाणी आणि मदतनिसाचा पगार मिळून दरमहा १२,००० रुपये लागतात. एक रोपही न विकले तरी हा खर्च चुकत नाही. हा स्थिर खर्च. प्रत्येक रोपामागे कुंडी, माती, खत व बी यांस ६० रुपये पडतात. हा बदलता खर्च. विक्रीची किंमत १०० रुपये. म्हणजे रोपामागे ४० रुपये उरतात, आणि १२,००० भागिले ४० या हिशेबाने महिन्यास ३०० रोपे विकली की तोटा नाही व नफाही नाही, असे तिला वाटते.

परंतु हिशेबात एक गोष्ट राहून गेली. दहा रोपांतील एक रोप दगावते. तेव्हा ३०० रोपे वाढविली तर विकावयास २७० च राहतात. खर्च १८,००० अधिक १२,००० म्हणजे ३०,००० रुपये. जमा २७,००० रुपये. ज्या आकड्यावर तोटा नाही असे वाटले होते, तेथेच ३,००० रुपयांची खोट येते. खरा आकडा असा की ४०० रोपे वाढवावीत आणि त्यांतील ३६० विकावीत. तेव्हा ३६,००० रुपये खर्च आणि तितकीच जमा होते. रोपे किती मरतात आणि का मरतात, हे वाणिज्याच्या पदवीधरापेक्षा वनस्पतिशास्त्राचा पदवीधर अधिक चांगले जाणतो. मरणाऱ्या रोपांचे प्रमाण निम्म्यावर आणणे हे तिच्या विषयाचे ज्ञान आहे, आणि तेच तिच्या धंद्याचे खरे भांडवल आहे. विषय आणि व्यवहार यांची गाठ पडते ती अशा ठिकाणी.

एवढ्याने हिशेब संपत नाही. रोप विकण्याजोगे होण्यास दोन महिने लागतात, आणि रोपे घेणारा दुकानदार पैसे एक महिन्याने देतो. याचा अर्थ, पहिला रुपया हाती येण्यापूर्वी तीन महिने दरमहा ३६,००० प्रमाणे १,०८,००० रुपये खर्चावे लागतात. वहीत तोटा नसताही ही रक्कम जवळ नसेल तर धंदा तिसऱ्या महिन्याच्या आतच बंद पडतो. नफा हे वहीतले उत्तर आहे, रोकड हा रोजचा श्वास आहे. पुष्कळ नवे उद्योग माल वाईट म्हणून नव्हे, तर उधारी वसूल होईपर्यंत तग न धरता आल्यामुळे बुडतात. शिवाय वरील १२,००० रुपयांत त्या विद्यार्थिनीने स्वत:च्या श्रमाचे मोल धरलेलेच नाही. जी तूट आई-वडिलांच्या घरी जेवल्यामुळे दिसत नाही, ती तूटच होय. हे सारे गणित शाळेतील चौथ्या-पाचव्या इयत्तेचे आहे. कठीण आहे ते कोणते आकडे मांडावयाचे हे ओळखणे.

याच्या जोडीला कायद्याची थोडी ओळख हवी. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात आणि १९३२ च्या कायद्याखालील साध्या भागीदारीत धंद्याचे कर्ज मालकाच्या घरादारापर्यंत येऊन पोहोचते. २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने एकाच व्यक्तीची कंपनी काढण्याची सोय झाली. दोन मित्र वर्गातील स्नेहाच्या बळावर भागीदारी करतात आणि वाटणीचे कागद करावयास संकोचतात. धंदा व स्नेह दोन्ही जाण्याचा तो राजमार्ग होय. विज्ञानाच्या विद्यार्थ्यास आणखी एक गोष्ट कळली पाहिजे. शोधाचे पेटंट घ्यावयाचे असेल तर शोध जाहीर करण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. निबंध आधी छापला तर तो मार्ग बहुधा बंद होतो. संशोधकास मात्र आधी निबंध छापण्याचीच सवय लावलेली असते.

प्रत्येक संशोधकाने स्वत:च कारखाना काढावा असा याचा अर्थ नाही. चंदीगडच्या सेक्टर ३९ मध्ये १९८४ साली स्थापन झालेली सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेज या औषधाचे तंत्रज्ञान तेथे विकसित झाले आणि औषध कंपन्यांच्या हाती देण्यात आले. प्रयोगशाळेतील ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत नेण्यास कोणीतरी उत्पादक, कोणीतरी विक्रेता लागतोच. त्यांची भाषा संशोधकास समजली तर करार नीट होतो, एवढा तरी लाभ या शिक्षणाचा निश्चित आहे. पंजाब विद्यापीठात जैवतंत्रज्ञानातील नव्या उद्योगांचे संगोपन करणारे केंद्र आहे. परंतु तेथे पाऊल टाकण्यापूर्वी विद्यार्थ्यास ओनामा आलेला असावा लागतो.

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचे काय, असा प्रश्न उरतो. मूळची भारतीय असलेल्या सरस सरस्वती या संशोधिकेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. अनुभवी उद्योजक प्रथम मोठे ध्येय ठरवून मग साधने गोळा करीत नाहीत. मी कोण, मला काय येते आणि मी कोणास ओळखतो, या तीन प्रश्नांपासून ते आरंभ करतात. आणि किती मिळेल याआधी किती गमावणे परवडेल हे ठरवितात. ही दृष्टी स्वीकारली तर इतिहासाच्या विद्यार्थ्यास शहर दाखविण्याचे काम दिसते, भाषेच्या विद्यार्थ्यास भाषांतराचे, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास शाळांतील मुलांच्या चाचण्यांचे व समुपदेशनाचे. भांडवल अल्प लागते आणि गमावण्याची मर्यादा आधीच आखलेली असते.

अध्यापनाची पद्धती मात्र नेहमीची चालणार नाही. उद्योजकतेच्या व्याख्या पाठ करून परीक्षेत लिहिणे म्हणजे काठावर बसून पोहण्याचे नियम घोकणे होय. दहा गिऱ्हाइकांशी बोलून त्यांची अडचण लिहून आणणे, एक लहान वस्तू वा सेवा खरोखर पैसे घेऊन विकणे, आणि महिनाभर रोजकीर्द लिहून अखेरीस ताळा जमविणे, एवढे तीन अभ्यास कोणत्याही विषयाच्या विद्यार्थ्याकडून करून घेता येतात. चंदीगडात त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. प्रत्येक सेक्टरला स्वत:ची बाजारपेठ आहे, आणि तेथील दुकानदार हे चालतेबोलते ग्रंथ आहेत. अडचण आहे ती शिक्षकांची. कारण ज्याने स्वत: कधी काही विकले नाही त्याने विक्रय शिकवावा, असा प्रसंग येतो. या दृष्टीने चंदीगडच्या सेक्टर २६ मधील, १९६७ साली निघालेली तंत्रशिक्षकांची प्रशिक्षण संस्था लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे शिक्षकांनाच उद्योजकतेचे शिक्षण देणारा स्वतंत्र विभाग आहे. त्याच्या जोडीस गावातील दुकानदार, कारखानदार आणि धंद्यात एकदा बुडालेला मनुष्य, असे पाहुणे वर्गात आले पाहिजेत. त्यांतील शेवटचा पाहुणा बहुधा सर्वांत अधिक शिकवून जातो.

या शिक्षणात एक धोकाही आहे, आणि तो न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. यशस्वी उद्योजकांच्या कथा ऐकवून तरुणांना चेतविणे सोपे असते. बुडालेल्यांच्या कथा कोणी छापीत नाही, त्यामुळे यश हाच नियम वाटू लागतो. बापाने निवृत्तीची पुंजी काढून दिली, आईने दागिने गहाण ठेवले, आणि वर्षाअखेर घरात फक्त कर्ज उरले, असे घडल्यास उत्साह देणारा वक्ता ते फेडावयास येत नाही. तसेच, शासनाने नोकऱ्या निर्माण करण्याची जबाबदारी टाळावी आणि बेकारीचा दोष बेकाराच्याच माथी मारावा, यासाठी या शिक्षणाचा उपयोग होता कामा नये. आणि कवितेचा वा गणिताचा अभ्यास बाजारात किती मोलाचा, या एकाच मापाने विद्यापीठ मोजले जाऊ लागले, तर ते विद्यापीठ राहणार नाही.

म्हणून या वर्गाचे यश किती विद्यार्थ्यांनी धंदा काढला यावरून मोजू नये. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने आपला हिशेब मांडला, १,०८,००० रुपये जवळ नाहीत हे पाहिले, आणि पहिल्या वर्षी घराच्या गच्चीवर पन्नासच रोपे लावण्याचे ठरविले, तर तिला उद्योजकता समजली. दुसऱ्याने हिशेब मांडून धंदा न काढण्याचे ठरविले, तरी त्यालाही ती समजली. पुढे तो नोकरीत गेला, तर तेथेही खर्च, गरज आणि जबाबदारी यांचा विचार करील. आणि कोणी उद्योगासाठी त्याच्या टेबलापुढे अर्ज घेऊन उभा राहिला, तर त्या अर्जामागील धोका त्यास दिसेल. दुकानदाराच्या मुलास जे बाळकडूबरोबर मिळते, ते कारकुनाच्या व शेतकऱ्याच्या मुलीस विद्यापीठाच्या वर्गात मिळावे, आणि मग नोकरी की उद्योग ही निवड तिने भीतीने नव्हे तर समजून करावी, एवढीच या ओनाम्याची अपेक्षा आहे.